कमी गुणांची पदवी आणि अमेरिकेतील लॉ स्कूलचे दार

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतरच सुरू होते. बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाण्याची जी वाट भारतात आहे, ती तिथे नाही. इतिहास, रसायनशास्त्र, संगीत अशा कोणत्याही विषयातील पदवी चालते, परंतु ती पूर्ण झाल्यावरच ‘ज्युरिस डॉक्टर’ म्हणजे जेडी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सहसा सुरू करता येतो. त्यामुळे प्रत्येक अर्जदाराची पारख प्रामुख्याने दोन आकड्यांवर होते: पदवीकाळातील सर्व विषयांच्या श्रेणींची सरासरी सांगणारा जीपीए, आणि एलसॅट या प्रवेशपरीक्षेतील गुण. दोन्ही आकडे सारखेच चांगले किंवा सारखेच बेताचे असले, तर अर्जदाराला आपली जागा साधारणपणे ओळखता येते. खरा पेच पडतो तो पदवीचे गुण कमी आणि परीक्षेचे गुण उत्तम असलेल्याला. अशा अर्जदाराला तिथे ‘स्प्लिटर’ म्हणतात, आणि त्याच्या अर्जाचे काय होईल हे अनुभवी सल्लागारालाही खात्रीने सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील सीईटी किंवा राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परिचित असलेल्या वाचकाला हा पेचच मुळात अनोळखी वाटेल. आपल्याकडे खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याने आधीच्या परीक्षेत ४५ टक्क्यांची किमान अट ओलांडली, की पुढे प्रवेशपरीक्षेतील क्रमांक आणि आरक्षणाचे नियम यांवर जागा ठरते. ४६ टक्के आणि ९६ टक्के यांत मग फारसा फरक उरत नाही. अमेरिकेत जागावाटप करणारी मध्यवर्ती यंत्रणा नाही. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने मान्यता दिलेली जवळपास दोनशे लॉ स्कूल आहेत, आणि त्यांतील प्रत्येक संस्था आपापल्या प्रवेश समितीमार्फत प्रत्येक अर्ज वाचून स्वतंत्रपणे निर्णय घेते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेले हजारो तरुण सरकारी खर्चाने शिक्षण घेऊ लागले, आणि त्यांनी वेगवेगळ्या दर्जाच्या महाविद्यालयांतून आणलेल्या गुणपत्रिकांची तुलना कशी करावी, हा प्रश्न लॉ स्कूलांपुढे उभा राहिला. कोलंबिया विद्यापीठाचे प्रवेशप्रमुख फ्रँक बोल्स यांनी १९४५ मध्ये सर्वांसाठी एकच परीक्षा असावी अशी कल्पना मांडली आणि १९४८ मध्ये पहिली एलसॅट झाली. आज तिचे गुण १२० ते १८० या पट्टीवर दिले जातात; मधला परीक्षार्थी १५२च्या आसपास असतो आणि १७० किंवा त्याहून अधिक गुण शंभरांत फार तर पाच-सहा जणांना मिळतात. कायद्याची माहिती या परीक्षेत विचारलीच जात नाही. युक्तिवादात कोणते गृहीतक दडले आहे, कोणता पुरावा त्याला बळ देतो वा खिळखिळा करतो, अवघड उतारा नेमके काय म्हणतो, एवढेच ३५-३५ मिनिटांच्या विभागांतून तपासले जाते. आकृत्या काढून सोडवावी लागणारी कोडी एके काळी या परीक्षेचा सर्वांत धास्तीचा भाग होती. एका दृष्टिहीन परीक्षार्थीने दाखल केलेल्या दाव्यात २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग वगळण्यात आला.

एलसॅट घेणारी लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल हीच संस्था अर्जदारांच्या गुणपत्रिकाही गोळा करते आणि जीपीए स्वतःच्या रीतीने नव्याने मोजते, ही गोष्ट बऱ्याच अर्जदारांच्या उशिरा लक्षात येते. महाविद्यालयाच्या पट्टीची कमाल मर्यादा ४ असली, तरी कौन्सिल ‘ए प्लस’ला ४.३३ देते, विषय पुन्हा देऊन गुण सुधारले असले, तरी गुणपत्रिकेवर दोन्ही श्रेणी दिसत असतील तर सामान्यतः दोन्ही मोजते, आणि पहिली पदवी मिळाल्यानंतरचे गुण, अगदी पदव्युत्तर पदवीचेसुद्धा, या हिशेबात घेत नाही. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी आजारपणामुळे, घरखर्चासाठी केलेल्या रात्रपाळीमुळे किंवा निव्वळ भरकटल्यामुळे जे घसरले, ते पदवी हाती पडताच कायमचे गोठते. एलसॅट मात्र पुन्हा देता येते, सध्याच्या नियमांनुसार पाच वर्षांच्या काळात पाच वेळा आणि आयुष्यात एकूण सात वेळा. त्यात २००६ मध्ये बार असोसिएशनने, अनेकदा परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांची सरासरी न कळवता सर्वोच्च गुण कळवण्याची पद्धत स्वीकारली, आणि तेव्हापासून वर्षभर थांबून गुण वाढवणे हा अशा अर्जदारापुढचा सर्वांत समंजस मार्ग ठरला. बदलता येण्याजोगा आकडा त्याच्या हाती एकच असतो.

तरीही कमी जीपीएचा विद्यार्थी नामांकित संस्थेला हवासा का वाटावा, याचे उत्तर मध्यकाच्या हिशेबात आहे. सर्व गुण चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्यभागी येणारी संख्या म्हणजे मध्यक. प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला नव्या वर्गाच्या एलसॅटचा आणि जीपीएचा मध्यक, तसेच खालच्या आणि वरच्या पाव भागांच्या सीमेवरचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. समजा, एखाद्या वर्गात २०१ विद्यार्थी आहेत आणि जीपीएचा मध्यक ३.८ आहे. एकशे एकाव्या विद्यार्थ्याचा जीपीए ३.८ असला म्हणजे झाले. त्याच्या खालच्या शंभर जणांचे गुण ३.७ आहेत की २.७, याने मध्यक तसूभरही हलत नाही. सरासरी जाहीर करावी लागत असती, तर २.७ वाला विद्यार्थी संपूर्ण वर्गाला खाली ओढता. मध्यकाच्या पद्धतीत त्याचे नुकसान ३.७ वाल्याइतकेच. याउलट त्याच वर्गाचा एलसॅट मध्यक १७१ असेल आणि या विद्यार्थ्याचे गुण १७४ असतील, तर मध्यकाच्या वरच्या बाजूला एक माणूस वाढतो. दोन्ही आकड्यांत मध्यकाच्या किंचित खाली राहिलेला, म्हणजे ३.७५ आणि १७० असलेला विद्यार्थी अभ्यासू असूनही या हिशेबात संस्थेला काहीच देत नाही, आणि म्हणूनच कित्येकदा तो बाहेर राहतो व एकीकडे कमी, दुसरीकडे भरपूर असलेला आत जातो. पदवीचे गुण उत्तम पण परीक्षेचे कमी असलेल्यालाही याच पद्धतीचा फायदा मिळतो, आणि प्रवेश समित्या दोन्ही प्रकारचे विद्यार्थी घेऊन वर्गाचा तोल साधतात.

या आकड्यांना एवढे महत्त्व येण्यामागे ‘यूएस न्यूज’ या प्रकाशनाच्या वार्षिक क्रमवारीचा हात मोठा आहे. क्रमवारीत एकेका पायरीसाठी इतकी ओढाताण होती, की आकड्यांत फेरफार करण्याचे प्रकारही घडले: विलानोव्हा विद्यापीठाच्या लॉ स्कूलवर २०११ मध्ये बार असोसिएशनने जाहीर ठपका ठेवला, आणि इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ स्कूलला २०१२ मध्ये ठपक्यासह अडीच लाख डॉलरचा दंड केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्ड यांनी क्रमवारीला माहिती देणे थांबवले, त्यांच्यामागून आणखी अनेक संस्था बाहेर पडल्या आणि २०२३ पासून क्रमवारीची सूत्रे बदलली. एलसॅटचा भार ११.२५ टक्क्यांवरून ५ वर आणि जीपीएचा ८.७५ वरून ४ वर आला, तर पदवीधरांना मिळणाऱ्या नोकऱ्या आणि वकिलीच्या परवान्यासाठीच्या बार परीक्षेचा निकाल यांचे वजन बरेच वाढले. भार कमी झाल्यावर मध्यकांचा सोस ओसरेल अशी अपेक्षा होती. तसे घडलेले दिसत नाही, आणि त्यात नवल नाही, कारण नोकऱ्यांचा किंवा बार परीक्षेचा निकाल तीन वर्षांनंतर लागतो, आणि प्रवेश समितीला आज, आपल्या टेबलावर बसून, नेमकेपणाने ठरवता येतो तो मध्यकच.

मात्र हे गणित समजले म्हणजे प्रवेश मिळाला, असे मानणे घातक ठरेल. मध्यकाच्या खालच्या जागा मर्यादित असतात, आणि त्यांसाठी कमी जीपीएचे सगळेच अर्जदार एकमेकांशी झुंजतात. शिवाय अमेरिकन महाविद्यालयांत श्रेणी गेली कित्येक दशके सढळ होत गेल्यामुळे अव्वल लॉ स्कूलांचे जीपीए मध्यक ३.९ च्या घरात पोहोचले आहेत, आणि एके काळी सन्मानाचा वाटणारा ३.५ आता तिथे उणा ठरतो. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्रासारख्या विषयांत श्रेणी कडक असतात, हे समितीला ठाऊक असते; परंतु जाहीर होणाऱ्या तक्त्यात विषयाचा रकाना नसतो. संस्थासंस्थांच्या वृत्तीतही फरक आहे. सेंट लुईसचे वॉशिंग्टन विद्यापीठ आणि व्हर्जिनिया विद्यापीठ यांचा कल स्प्लिटरांना अनुकूल असल्याचे अर्जदारांमध्ये मानले जाते, नॉर्थवेस्टर्न नोकरीच्या अनुभवाला मान देते, तर बर्कली आणि स्टॅनफर्ड येथे कमी जीपीए अधिक जड जातो असा समज आहे. म्हणून खालच्या क्रमांकाच्या संस्थेने नाकारलेला अर्जदार वरच्या संस्थेत निवडला जातो, आणि अशा निकालाला नियमाच्या आत बसवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो.

आकड्यांपलीकडच्या कागदांना अशा अर्जात विशेष वजन येते, कारण समितीच्या मनात एक रास्त शंका असते: बुद्धी आहे हे परीक्षेने दाखवले, पण रोजचे काम नेटाने करण्याची सवय आहे का? ही शंका केवळ नैतिक नाही. संस्थेची मान्यता टिकण्यासाठी तिच्या पदवीधरांपैकी बार परीक्षा देणाऱ्या किमान ७५ टक्क्यांनी दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी अशी बार असोसिएशनची अट आहे, आणि तीन वर्षे रेटून अभ्यास न करणारा विद्यार्थी तिथे अडखळू शकतो. कमी गुणांचे कारण सांगणारे छोटे पुरवणी निवेदन अर्जाला जोडता येते. त्यात काय घडले, केव्हा घडले आणि ते आता का घडणार नाही, एवढे अर्ध्या पानात सांगावे. प्राध्यापकांना दोष देणे किंवा आत्मकथन लिहिणे टाळावे, आणि सांगण्याजोगे कारण नसेल तर ओढूनताणून ते उभे करू नये. पहिल्या दोन वर्षांत खचलेली आणि शेवटच्या दोन वर्षांत सावरलेली गुणपत्रिका स्वतःच बोलते. पदवीनंतर दोन-चार वर्षे जबाबदारीची नोकरी केलेल्याला वरिष्ठांचे शिफारसपत्र याच शंकेचे उत्तर म्हणून उपयोगी पडते. अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि येतील तसे तपासले जातात, म्हणून जागा भरत आल्यावर अर्ज करणे स्प्लिटरला इतरांपेक्षा महाग पडते.

या पद्धतीच्या न्याय्यतेबद्दलचा वाद जुना आहे. एलसॅटची तयारी करण्यासाठी वेळ आणि पैसा लागतो, महागडे वर्ग लावणे सर्वांना परवडत नाही, आणि वेगवेगळ्या वंशगटांच्या सरासरी गुणांत अंतर आहे, म्हणून परीक्षेची सक्तीच काढावी असा प्रस्ताव पुढे आला. बार असोसिएशनच्या प्रतिनिधीगृहाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो फेटाळला. परीक्षा हटवावी असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी परीक्षा गेली तर जीपीए, महाविद्यालयाचे नाव आणि ओळखीतून मिळालेल्या संधी यांचे वजन वाढेल, आणि त्याची सर्वाधिक किंमत नोकरी करत शिकलेल्या, विशीच्या आत एकदा कोसळून नंतर उभ्या राहिलेल्या मुलामुलींना मोजावी लागेल. संस्थेने त्यांना स्वतःच्या मध्यकासाठी घेतले तरी चालेल. दार उघडणे महत्त्वाचे आहे. पुढे पहिल्या वर्षाचे गुण वर्गातील तुलनेने ठरतात आणि मोठ्या वकिली कंपन्या निवड करताना मुख्यतः तेच पाहतात, त्यामुळे आत गेलेल्याला नव्याने सुरुवात करण्याची संधी खरोखरच मिळते.

पैशाचा प्रश्न मात्र बाजूला सारता येत नाही. अनेक आघाडीच्या लॉ स्कूलांचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला ७०,००० डॉलरच्या पुढे गेले आहे. संस्था मध्यक वाढवण्यासाठी शिष्यवृत्त्याही देतात, म्हणून उच्च एलसॅट असलेल्याला थोड्या खालच्या क्रमांकाच्या संस्थेकडून मोठी शुल्कसवलत मिळू शकते. तिला विशिष्ट गुण टिकवण्याची अट जोडलेली आहे का, आणि मागील वर्षांत किती जणांची सवलत त्या अटीमुळे गेली, हे संस्थेने जाहीर केलेल्या माहितीत पाहता येते. २०२५च्या नव्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना संपूर्ण खर्चाइतके संघीय कर्ज मिळणार नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा येते. त्यामुळे नाव मोठे की कर्ज लहान, हा निर्णय अधिक जिकिरीचा झाला आहे.

अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतील मुलांना वरील सर्व हिशेब जसाच्या तसा लागू पडतो. मुंबई किंवा पुण्याहून पदवी घेऊन जेडीसाठी अर्ज करणाऱ्याचे प्रकरण थोडे निराळे आहे. परदेशी विद्यापीठाच्या टक्केवारीचे जीपीएत रूपांतर न करता कौन्सिल ती पदवी सरासरीच्या वर, सरासरी, सरासरीखाली अशा ढोबळ वर्गांत मांडते, आणि अशा विद्यार्थ्याचा जीपीए संस्थेच्या मध्यकात धरला जात नाही. त्याचे एलसॅट गुण मात्र धरले जातात. साहजिकच भारतात ५५ टक्के मिळवलेल्या अर्जदाराची गुणपत्रिका समिती वाचते, पण तक्त्यावर त्याचा परिणाम घडवतो तो एलसॅटच. तीन वर्षांची भारतीय पदवी पुरेशी मानावी की नाही, हे प्रत्येक संस्था स्वतः ठरवते, आणि ते अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे लागते. भारतात एलएलबी झालेल्यांपैकी बरेच जण जेडीऐवजी एक वर्षाच्या एलएलएमकडे वळतात. तिथे एलसॅट लागत नाही, आणि नेमके त्यामुळेच कायद्याच्या पदवीतील कमी गुण झाकणारा दुसरा आकडाही तिथे हाताशी नसतो.