ग्लॉस्टरची भैरवी

ग्लॉस्टर (इंग्लंड), आमच्या वार्ताहराकडून

सेव्हर्न नदीकाठच्या या जुन्या नगरातील कॅथीड्रलमध्ये राल्फ व्हॉन विल्यम्स यांची, थॉमस टॅलिसच्या एका स्तोत्राच्या चालीवर बेतलेली ‘फँटसिया’ ऐकण्याचा योग नुकताच आला. आणि ६ सप्टेंबर १९१० रोजी खुद्द रचनाकाराच्या संचालनाखाली ज्या दगडी कमानींखाली ही कृती प्रथम वाजली, त्याच कमानींखाली ती ऐकताना, ज्याचे आयुष्य वाशी-नेरुळात गेले अशा माणसाच्या मनात काय घडते, हे नवी मुंबईच्या वाचकांना सविस्तर कळवावेसे वाटले.

रचना केवळ तंतुवाद्यांची आहे. टॅलिसने ही चाल पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, १५६७ च्या एका स्तोत्रसंग्रहासाठी बांधली. तिच्यात ऋषभ, गांधार, धैवत, निषाद असे चारही स्वर कोमल, म्हणजे आपला भैरवीचा थाटच. ज्या स्वरांनी आमच्याकडे मैफलीची सांगता व्हावयाची, त्याच स्वरांनी येथे आरंभ झाला, तेव्हा गळा दाटून आला, आणि अजून तर काहीच संपलेले नव्हते. पुढे रचनाकार त्या थाटाला बांधून राहत नाही. स्वरसंगती पालटत तो इतका दूर जातो की, मागे तंबोऱ्याचा आधार नसल्यामुळे, षड्ज हातचा सुटल्याची धास्ती आमच्या कानाला वारंवार वाटते, आणि तो परत सापडतो तेव्हाचे समाधान शब्दांत मांडणे मला तरी कठीण आहे.

वादकांचे तीन भाग केलेले असतात: मोठा वृंद, त्याच्यापासून शक्य तितका दूर बसविलेला नऊ जणांचा लहान वृंद, आणि मोठ्या वृंदातीलच चार प्रमुख वादक. भजनात पुढच्याने म्हटलेला चरण मागच्या रांगेने हळूच उचलावा, तसा मोठ्या वृंदाचा सूर लहान वृंद दुरून परतवितो, आणि मग एकट्या व्हायोलाचा स्वर असा वर येतो की, शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. दाद मात्र कोणीही दिली नाही. समेवर ‘वाहवा’ म्हणणाऱ्या आम्हांस हे मौन प्रथम थंडपणाचे वाटते. पण इंग्रज मनुष्य दिवसभर जे उघड बोलत नाही, ते तो अशा प्रसंगी सर्वांच्या सोबतीने, न बोलताच, कबूल करीत असतो, असे माझे मत झाले आहे.

हे संगीत या मुलखात प्रार्थनामंदिरातून आणि शाळेतून वर आले. ग्लॉस्टर, वूस्टर व हेरफर्ड या तीन कॅथीड्रलांचा संगीतोत्सव आळीपाळीने अठराव्या शतकापासून चालत आला असून, व्हॉन विल्यम्सना टॅलिसची चाल गवसली तीही १९०६ च्या स्तोत्रपुस्तकाचे संपादन करताना. त्यांचे स्नेही गुस्ताव्ह होल्स्ट हे लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत १९०५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३४ पर्यंत, शिक्षक होते. त्यांचा प्रसिद्ध ‘सेंट पॉल्स सूट’ शाळेतील विद्यार्थिनींच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेला आहे. याच होल्स्टनी संस्कृत शिकून ऋग्वेदातील सूक्ते स्वतः भाषांतरित करून स्वरबद्ध केली आणि महाभारतातील सावित्रीवर संगीतिका रचली, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, याची खंत वाटते.

आपला कान या नादाला अगदीच परका आहे असेही नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेले कलावंत मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले, आणि जुन्या चित्रपटगीतांत गायकाच्या आवाजामागे जी तंतुवाद्यांची लाट उसळते, ती बहुतांशी त्यांच्या गजांतून निघाली. मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत सिम्फनी वाद्यवृंद उभा केला, आणि अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली हिंदुस्थानी व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा स्वतःचा. गीत संपले की गायकाचे नाव आपल्या स्मरणात राहते. त्या गजधारी मंडळींची नावे तबकडीवर छापलीच गेली नाहीत.

२००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात होत असतात, आणि वाशीहून हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठले की ते स्थळ फार दूर नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘फँटसिया’ दिसली, तर पुढच्या रांगेचा आग्रह धरू नये. मागे बसावे, म्हणजे दोन वृंदांमधले अंतर कानांना उमगेल.