आधी दगड, मग पटाशी

लाकडावर कोरीवकाम शिकायचं मनात आलं की बहुतेक जण आधी दहा-बारा पटाश्यांचा संच घेऊन येतात. आठवडाभरात लक्षात येतं, की लाकूड कापलं जात नाही, फाटतंय. मग दोष हाताला दिला जातो आणि संच माळ्यावर जातो. हाताचा दोष त्यात थोडाच असतो. स्वस्त संचातल्या पटाश्यांना कारखान्यात फक्त आकार दिलेला असतो, कामाची धार आपणच लावायची असते. म्हणून खरेदीचा क्रम उलटा असावा, असं माझं ठाम मत आहे. आधी धार लावायचा दगड घ्यावा आणि मग चारच हत्यारं.

सुताराची पटाशी सपाट असते, कारण तिला खाचा आणि सांधे करायचे असतात. कोरीवकामात मुख्य काम गोल पटाशीचं. तिच्या पात्याकडे टोकाकडून पाहिलं तर वर्तुळाचा एक तुकडा दिसतो. तो किती खोल आहे, यावरून तिला क्रमांक देतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पद्धतीत ३ क्रमांक म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे अर्धवर्तुळ आणि ११ म्हणजे यू आकाराची खोल नाळ. सोबत पात्याची रुंदी दिलेली असते. क्रमांक आणि रुंदी हे दोन आकडे कळले की दुकानदारानं पुढे केलेल्या संचाची गरज उरत नाही.

सुरुवातीला ३ क्रमांकाची १२ मिलिमीटरची पटाशी घ्या. नक्षीभोवतीची जमीन सपाट करायला ती पूर्ण सपाट पटाशीपेक्षा बरी, कारण तिचे कोपरे किंचित उचललेले असतात आणि लाकडात रुतत नाहीत. साधारण त्याच रुंदीची ७ क्रमांकाची दुसरी, ती लाकूड भराभर काढते. पाकळीच्या पोटातल्या खोलगट भागासाठी ९ क्रमांकाची ६ मिलिमीटरची. आणि पानाच्या शिरा, कडा व रेघांसाठी ६० अंशांची, व्ही आकाराची एक. जुन्या वाड्याच्या चौकटीवरचं कोरलेलं पान जवळून पाहा. त्याच्या काठाची वळणं बहुधा पटाशी उभी धरून, मोगरीच्या ठोक्यानं दाबून घेतलेली असतात. पात्याचं वळण हेच पानाचं वळण होतं. चार पटाश्यांत किती नक्षी बसते, हे त्यावरून कळतं.

घेताना पातं डोळ्यासमोर धरून टोकाकडून बघा. दोन्ही बाजूंची जाडी सारखी हवी. व्ही पटाशीचे दोन पंख असमान असतील तर ती परत करा, कारण तिला धार लावताना जन्मभर त्रास होईल. लोहाराशी ओळख असेल तर झिजलेल्या जुन्या कानशीतूनही चांगली पटाशी होते, कारण कानशीचं पोलाद उत्तम कडक होतं. आपल्याकडचे कितीतरी कारागीर मूठ नसलेली, सबंध पोलादाची आखूड हत्यारंच वापरतात.

आता धार. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा जाड-बारीक अशा दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड आकार देण्यापुरता पुरतो. त्यापुढे १००० नंबरचा आणि जमल्यास ४००० नंबरचा पाण्याचा दगड, आणि शेवटी लाकडी फळीवर चिकटवलेला चामड्याचा पट्टा, त्यावर हिरवी पॉलिश पेस्ट चोपडलेली. विजेच्या ग्राइंडरवर नवशिक्यानं जाऊच नये. पातळ टोक क्षणात तापतं. दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे पोलादाचा कडकपणा कमी होऊ लागतो, आणि टोकावर निळा रंग चढला की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजावं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही.

धारेमागच्या उताराचा कोन मऊ लाकडासाठी २० अंशांच्या आसपास आणि कठीण लाकडासाठी २५ च्या आसपास ठेवतात. कोनमापक नको. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या अडीच ते तीनपट असली की कोन जमला. उतारावर काळ्या मार्करनं रंग द्या. दगड ओला करून आपल्यासमोर आडवा ठेवा, पटाशी त्याला काटकोनात धरा आणि उतार पूर्ण टेकवून डावीकडून उजवीकडे सरकवा. सरकवतानाच मनगट वळवत राहा, म्हणजे एका टोकाला पात्याचा एक कोपरा टेकलेला असेल आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. परत येताना उलट. चार-पाच फेऱ्यांनंतर उतार बघा. जिथे काळा रंग शिल्लक आहे, तिथे दगड पोचलेला नाही. फक्त टाचेकडचा रंग गेला असेल तर मूठ किंचित उचला. मनगट गरजेपेक्षा जास्त वळलं की पात्याचे कोपरे उडतात, कमी वळलं की मधोमध खळगा पडतो. धार वरून पाहिली की सरळ रेषेत दिसली पाहिजे.

काही वेळानं पात्याच्या आतल्या बाजूला लोखंडाची अगदी बारीक कोर उठते. अंगठा आतून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असा फिरवा. धारेच्या लांबीवरून कधीच नाही. कोर सबंध रुंदीभर लागली, म्हणजे दगडाचं काम झालं. नाळीत बसेल अशा गोल काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून ती कोर आतून घासून काढा. मग चामड्यावर पटाशी फक्त मागे ओढा. पुढे ढकललीत तर चामडं कापलं जाईल.

व्ही पटाशी सगळ्यात अवघड. तिच्या दोन पंखांना दोन सपाट पटाश्यांसारखी धार लावायची, पण जिथे ते मिळतात तिथे पोलाद जाड असतं, म्हणून टोकाला एक बारीक चोच उरते. तो कोपरा म्हणजे एक इवलीशी गोल पटाशी आहे असं मानून मनगट वळवत घासला की चोच जाते. चोच राहिली तर रेघ कापण्याऐवजी ओरखडली जाते.

धार तपासायला उजेडाकडे धरून बघा. बोथट जागा प्रकाश परतवते, चमकणारी रेघ किंवा ठिपका दिसतो. तीक्ष्ण धारेवर काहीच दिसत नाही. मग मऊ लाकडाच्या रेषेला आडवा छेद घ्या. कापलेली जागा तकतकीत हवी. प्रत्येक पांढरी रेघ म्हणजे धारेतला एक दाता. या परीक्षेला मुद्दाम मऊ लाकूड घ्यावं. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरतात त्या पांगाऱ्यासारखं लाकूड बोथट धारेखाली चुरगळतं, उलट कठीण लाकूड तिला थोडं चालवून घेतं. शिकायला शिवण फार छान. सागात मात्र वाळूचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे धार लवकर जाते.

काम करताना लाकूड क्लॅम्पनं बांधा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पटाशी चामड्यावर ओढा. चामड्यानं भागेनासं झालं तरच दगडाकडे जा. कामानंतर पात्यांना तेलाचा हात फिरवा आणि धारा एकमेकींना लागणार नाहीत अशा प्रत्येकीसाठी वेगळ्या शिवलेल्या कापडी कप्प्यात ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे तेल चुकवू नका. एका दमट रात्रीत धारेवर गंज धरतो, आणि मग पुन्हा दगडापासून सुरुवात करावी लागते.