गोवर परततो आहे : पालकांच्या शंका आणि आपली जबाबदारी

वांद्रे, खार आणि मुंबईच्या उपनगरांतील जुन्या गावठाणांमधून जाताना रस्त्याच्या कडेला किंवा आळीच्या तोंडाशी उभे असलेले क्रूस आपल्या नजरेस पडतात. मे महिन्यात तेथे रोझरीची प्रार्थना होते, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. ह्यांतील अनेक क्रूस १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगच्या काळात उभारले गेले आहेत. घरोघरी माणसे दगावत होती, हाताशी औषध नव्हते. तेव्हा आपल्या पूर्वजांनी क्रूसाचा आश्रय घेतला. आज त्याच क्रूसाभोवती जमणाऱ्या मुलांना प्लेग म्हणजे काय हे ठाऊकही नसते.

हे आपले भाग्यच म्हणावयाचे. परंतु जो आजार डोळ्यांआड होतो, त्याचे भयही मनातून ओसरते आणि मग त्याला रोखून धरणारा उपायच अनावश्यक वाटू लागतो. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला ह्या बालरोगांच्या बाबतीत आज नेमके हेच घडत आहे. बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुण मातापित्यांच्या बोलण्यातही आता लसीविषयीच्या शंका डोकावू लागल्या आहेत. ह्या शंका हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. त्या लेकराच्या काळजीतून येतात, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर मिळाले पाहिजे.

गोवंडीतील धडा

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी येथे एकाच कुटुंबातील तीन बालके अवघ्या दोन-तीन दिवसांत मृत्युमुखी पडली. तपासाअंती गोवराची साथ उघडकीस आली. पाठोपाठ भिवंडी, मालेगाव येथेही रुग्ण आढळले. केंद्र सरकारला तज्ज्ञांचे पथक पाठवावे लागले. साथग्रस्त भागात नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना जादा डोस देण्याचे ठरले. इतकेच नव्हे, तर काही ठिकाणी सहा महिने पूर्ण केलेल्या तान्ह्या बालकांनाही लस देण्याचा निर्णय झाला.

हे का घडले? सारा दोष पालकांच्या अविश्वासावर टाकणे अन्यायाचे ठरेल. करोनाच्या काळात लसीकरणाची घडी विस्कटली होती. २०२१ ह्या एका वर्षात जगभरातील सुमारे चार कोटी बालके गोवराच्या एका तरी डोसला मुकली, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते. पोटासाठी गाव सोडून वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्या मजुरांची मुले तर एरवीही अनेकदा लसीकरणाच्या यादीतून निसटतात. मात्र ह्या अडचणींच्या जोडीला जेव्हा संशय येतो, तेव्हा आगीत तेल ओतले जाते.

गोवर हा ‘साधा’ आजार नव्हे

“आमच्या लहानपणी सगळ्यांनाच गोवर यायचा, काही दिवस कडुलिंबाच्या पाल्यावर निजवले की झाले,” असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. जे वाचले, ते ही आठवण सांगावयास उरले. जी भावंडे गेली, त्यांची नावे हळूहळू घराच्या बोलण्यातून नाहीशी झाली.

गोवराचा विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो. ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे आणि मग अंगभर पुरळ हा त्याचा सर्वसाधारण क्रम होय. खरा धोका पुढे असतो. काही मुलांना न्यूमोनिया होतो, काहींना तीव्र अतिसार. जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता असलेल्या बालकाची दृष्टी जाऊ शकते. सुमारे हजारांतील एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते. क्वचित असेही घडते, की बरे झालेल्या मुलाच्या मेंदूत हा विषाणू दडून राहतो आणि काही वर्षांनी प्राणघातक विकार म्हणून डोके वर काढतो.

आणखी एक गोष्ट अलीकडे स्पष्ट झाली आहे. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताच्या तपासणीवर आधारित संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इतर रोगांविरुद्ध त्या मुलांच्या शरीराने आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नष्ट झाल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे गोवर केवळ स्वतःचा घाव घालून थांबत नाही, तर पुढे येणाऱ्या रोगांसाठी दार उघडे करून जातो. “नैसर्गिकरीत्या आजार होऊन आलेली शक्ती अधिक चांगली” असे म्हणताना ती शक्ती कोणत्या किमतीला मिळते, हेही पाहिले पाहिजे.

शंभर मुलांचा हिशेब

“बाकीच्यांनी लस घेतली आहे ना, मग माझ्या एकट्या मुलाने नाही घेतली तर काय बिघडले?” हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

गोवराइतका संसर्गजन्य आजार क्वचितच आढळतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही हा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण इतरांना बाधित करू शकतो. कोणाजवळही प्रतिकारशक्ती नसेल, तर एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. म्हणूनच साथ रोखण्यासाठी शंभरातील जवळजवळ ९५ जण सुरक्षित असावे लागतात.

आता समजा, एखाद्या वस्तीत शंभर मुले आहेत आणि त्यांपैकी ९० जणांनी केवळ पहिला डोस घेतला आहे. नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या डोसाने सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते. म्हणजे प्रत्यक्षात सुरक्षित मुले ७६ च्या आसपास, तर असुरक्षित मुले २४. साथीला एवढे इंधन पुरेसे असते. दुसरा डोस का आवश्यक आहे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

त्या असुरक्षितांमध्ये केवळ लस नाकारणाऱ्यांची मुले नसतात. नऊ महिन्यांच्या आतील बालके असतात, कर्करोगाच्या उपचारांमुळे लस घेऊ न शकणारे मूल असते. रविवारी मिस्सेला आपल्या शेजारच्या बाकावर बसलेल्या आईच्या कुशीत असेच एखादे तान्हे असते. त्याचे कवच त्याच्या अंगावर नसते, ते आपल्या मुलांच्या अंगावर असते.

शंका आणि त्यांची उत्तरे

लसीमुळे स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम होतो, ही शंका सर्वांत अधिक पसरली आहे. तिचे मूळ १९९८ साली ‘लॅन्सेट’ ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अँड्र्यू वेकफिल्ड ह्यांच्या लेखात आहे. तो अवघ्या बारा मुलांविषयीचा होता. पुढे त्यातील गैरप्रकार उघड झाले. २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड ह्यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. दरम्यान अनेक देशांत ह्या प्रश्नाचा शोध घेतला गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची माहिती तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस आणि स्वमग्नता ह्यांचा कोणताही संबंध आढळला नाही. स्वमग्नतेची लक्षणे ज्या वयात पालकांच्या लक्षात येऊ लागतात, साधारण त्याच वयात ह्या लसी दिल्या जातात. एकामागोमाग घडणाऱ्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे : “लस टोचल्यावर बालक दगावल्याची बातमी आम्ही वाचली आहे, त्याचे काय?” अशा घटना घडलेल्याच नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावात लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन ह्यांच्यावर ठपका आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. ते एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते आणि ती बाटली गावात उघडताना दूषित झाल्याचे पुरावे पुढे आले. अखेर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. दोष लसीचा नव्हता, हाताळणीचा होता.

जुलै २०१८ मध्ये पॅसिफिक महासागरातील सामोआ ह्या बेटांच्या देशात ह्याचीच पुनरावृत्ती झाली. गोवराची लस विरघळवताना चुकीचे औषध मिसळले गेल्याने दोन बालके दगावली. लसीकरण काही महिने थांबवण्यात आले, लोकांचा विश्वास उडाला आणि त्या वर्षी पहिला डोस घेतलेल्या बालकांचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर घसरले. २०१९ मध्ये तेथे गोवर पोहोचला. जेमतेम दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ५,७०० हून अधिक रुग्ण झाले आणि ८३ जण मरण पावले. त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालील बालके होती. दोन बालकांचे मृत्यू ही अक्षम्य चूक होती, परंतु त्या चुकीनंतर पसरलेल्या भयाने कितीतरी अधिक बळी घेतले.

म्हणून पालकांनी प्रश्न जरूर विचारावेत. मात्र ते योग्य ठिकाणी, आरोग्य केंद्रातच विचारावेत. कुपी केव्हा उघडली? गोवर-रुबेलाची लस विरघळवल्यानंतर चार तासांच्या आतच वापरावयाची असते. सुई नवी आहे ना? लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे, कारण तीव्र अ‍ॅलर्जी अत्यंत दुर्मीळ असली, तरी ती झाल्यास बहुधा ह्याच वेळात दिसते आणि तिच्यावर उपचार करता येतो. एक-दोन आठवड्यांत थोडा ताप किंवा किंचित पुरळ येऊ शकते. मुलाला पूर्वी तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

श्रद्धावंतांचा एक खास प्रश्न

काही कॅथलिक पालकांच्या मनात नैतिक शंका असते. रुबेला लसीचा विषाणू ज्या मानवी पेशींवर वाढवला जातो, त्या पेशींचा उगम १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या भ्रूणापासून झाला आहे, हे खरे आहे. तो गर्भपात लसीसाठी केला गेला नव्हता आणि लस बनवण्यासाठी नव्या गर्भपाताची गरज पडत नाही. तरीही जीवनाचे मोल जाणणाऱ्या मनाला ही गोष्ट बोचणे स्वाभाविक आहे.

ख्रिस्तसभेने हा प्रश्न टाळलेला नाही. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने २००५ मध्ये त्याचा ऊहापोह केला. पर्यायी लसींची मागणी करीत राहणे हे आपले कर्तव्य आहे, परंतु पर्याय नसताना मुलांच्या आणि गर्भवतींच्या रक्षणासाठी ह्या लसी वापरता येतात, असे तिने सांगितले. २०१७ मध्ये अकादमीने अधिक स्पष्ट शब्दांत पालकांना निश्चिंत मनाने लसीकरण करून घेण्यास सांगितले. डिसेंबर २०२० मध्ये श्रद्धा-सिद्धांत मंडळाने करोना लसींच्या संदर्भात तीच दिशा कायम ठेवली. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ मध्ये लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे म्हटले होते.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा. रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही, तो गर्भातील बालकावर घाव घालतो. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीत सुमारे २०,००० बालके जन्मजात व्यंगांसह जन्मली : कोणी बहिरे, कोणी मोतीबिंदू झालेले, कोणी हृदयविकार घेऊन. हजारो बालके तर जन्मापूर्वीच गेली. ज्या लसीविषयी आपल्याला जीवनाच्या आदरापोटी शंका वाटते, तीच लस आज न जन्मलेल्या बालकांचे रक्षण करते.

आपण काय करावे?

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमानुसार गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या वयात आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या वयात सरकारी केंद्रांत विनामूल्य दिला जातो. तो हुकला असेल, तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. घरातील लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहावे. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंच्या, बांधकामावरील मजुरांच्या मुलांची चौकशी करावी आणि त्यांना आशा सेविकेची गाठ घालून द्यावी. परदेशी असलेल्या आपल्या नातलगांनीही गाफील राहू नये. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०२५ मधील साथीत ७६२ रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन मुले दगावली. कॅनडाने गोवरमुक्त देश हा दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला. सुट्टीत गावी येताना व परत जाताना तान्ह्या मुलांच्या डोसाविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

शंका असलेल्या पालकाला ‘अडाणी’ म्हणून हिणवू नये. त्याच्यासोबत केंद्रावर जावे, त्याचे प्रश्न डॉक्टरांसमोर मांडण्यास त्याला मदत करावी. विश्वास हा टोमण्यांनी बसत नाही, सोबतीने बसतो.

प्लेगच्या काळात आपल्या पूर्वजांनी क्रूसापाशी गुडघे टेकले, तेव्हा त्यांच्या हाती प्रार्थनेखेरीज फारसे काही नव्हते. आपल्या हाती प्रार्थनाही आहे आणि लसही. त्यांनी जे मागितले, ते आपल्याला मिळाले आहे. ते नाकारून आपल्या लेकरांना पुन्हा त्या काळात लोटण्याचा अधिकार आपल्याला नाही.