एक राजवाडा, दोन चित्रपट

रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात, नेवा नदीच्या काठी, हर्मिटेज हे कलासंग्रहालय आहे. झार राजांचा हिवाळी राजवाडा ही त्याची मुख्य इमारत. येथे दोन चित्रपट तयार झाले आणि दोघांची रीत अगदी उलट.

पहिला सर्गेई आयझेनस्टाइन यांचा 'ऑक्टोबर' (१९२८). चित्रपट लहान लहान तुकड्यांतून बनतो. दोन तुकडे शेजारी जोडले, की कधी कधी तिसराच अर्थ निघतो. या जोडणीला 'माँटाज' म्हणतात. संग्रहालयात सोनेरी मोराचे एक जुने यांत्रिक घड्याळ आहे. आयझेनस्टाइन यांनी केरेन्स्की या सत्ताधारी नेत्याच्या दृश्यांमध्ये तो मोर घातला. मोर पिसारा फुलवतो आणि नेता किती गर्विष्ठ आहे, हे आपल्याला कळते. चित्रपट तर मूक होता!

दुसरा अलेक्सांद्र सोकुरोव्ह यांचा 'रशियन आर्क' (२००२). त्यात एकही जोड नाही. २३ डिसेंबर २००१ रोजी टिल्मान ब्युटनर अंगावर कॅमेरा बांधून दालनामागून दालन चालत गेले. दीड तास न थांबता चालायचे होते. मध्येच काही बिघडले, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! तीन प्रयत्न फसले. हिवाळ्यातला उजेड जेमतेम चार तासांचा, त्यात बॅटरीही संपत आलेली. आता एकच संधी उरली होती. चौथ्या वेळी कॅमेरा शेवटच्या दालनातील नृत्यापर्यंत पोहोचला. नृत्य संपले, पाहुण्यांची गर्दी जिना उतरू लागली, तरी तो चालूच होता.