मोटारीचा हप्ता आणि नावाची माया

मोटार इतर गावांत दुकानातून येते. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये ती शेजाऱ्याच्या हातून येते. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टाटा, चाकणला महिंद्र, फोक्सवागन आणि मर्सिडीज! ज्या हातांनी गाडीचे दार बसवले, त्यांनाच तिची किल्ली हवीशी वाटली तर त्यात नवल नाही. ही माया आम्ही हसण्यावारी नेत नाही. मात्र मायेची वही आणि व्यवहाराची वही निराळ्या असाव्यात, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम मायेची वही उघडू. १९७२ पासून बजाजची चेतक स्कूटर निघू लागली. तिच्यासाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबले. पुढे ती बनणे बंद झाले, आणि २०१९ मध्ये तेच नाव विजेवरील स्कूटरला देण्यात आले. नाव तेच, आतले यंत्र सर्वस्वी वेगळे! तेव्हा जुन्या चेतकचा अनुभव नव्या चेतकची ग्वाही देऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण तळेगावचे. तेथे जनरल मोटर्स शेवरोले गाड्या बनवी. २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवली; २०२० च्या डिसेंबरात कारखान्यातील उत्पादनही थांबले. आज ती जागा ह्युंदाईकडे आहे. ज्याने नावावर भरवसा ठेवून हप्त्याने गाडी घेतली होती, त्याच्या गाडीची किंमत घसरली; हप्ता मात्र एका रुपयाने घटला नाही. आपण कंपनीशी निष्ठा ठेवतो, पण कंपनी बाजाराशी निष्ठा ठेवते. हे कटू असले तरी खरे आहे.

आता व्यवहाराची वही. विक्रेता विचारतो, “महिन्याला किती जमेल?” येथेच आपण फसतो. आठ लाखांचे कर्ज दरसाल नऊ टक्क्यांनी घेतले, तर पाच वर्षांचा हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १,९६,००० रुपये. मुदत सात वर्षे केली की हप्ता सुमारे १२,९०० वर उतरतो आणि मन हलके होते. परंतु व्याज सुमारे २,८१,००० वर जाते. मनाच्या त्या हलकेपणाची किंमत पंच्याऐंशी हजार रुपये!

त्याहून नाजूक गोष्ट दराची. कोणी म्हणेल, “आमचा दर फक्त पाच टक्के फ्लॅट.” फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच चालू. आठ लाखांवर पाच वर्षांचे असे व्याज दोन लाख होते, म्हणजे वरच्या नऊ टक्क्यांपेक्षाही अधिक! म्हणून दर घटत्या शिलकीवर आहे की मूळ रकमेवर, आणि मुदतीआधी फेडल्यास आकार किती, हे सहीपूर्वी लेखी मागावे.

विजेच्या मोटारीचे गणितही असेच करावे. लहान गाडी एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्यास दीडशे युनिटे लागतील. हा खर्च पेट्रोलपेक्षा पुष्कळच कमी. पण ती युनिटे घरच्या बिलात मिसळली की दराची पायरी चढते, हेही ध्यानात ठेवावे. सोसायटीत जोडणी कोठे मिळेल, हे गाडी घेण्याआधी ठरवावे, मागाहून नव्हे. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची असते. ती अटींसह वाचावी. सात वर्षांचे कर्ज फिटते त्या दिवशी हमीचे एकच वर्ष उरलेले असते.

आणि आमच्या गावापुरती एक गोष्ट अधिक. विजेच्या गाडीला पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही. भोसरी-चाकणच्या कितीतरी लहान कारखान्यांची रोजी अशाच भागांवर चालते. म्हणून ती गाडी घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. काळ कोणाच्या सांगण्याने थांबत नसतो. परंतु ज्याची कमाई इंजिनाच्या भागांवर किंवा कंत्राटी नेमणुकीवर आहे, त्याने सात वर्षांचे कर्ज घेताना सात वर्षांच्या कामाचा भरवसा आहे का, हे स्वतःस विचारावे. हप्त्याची मुदत रोजीच्या मुदतीपेक्षा लांब असू नये.

दुकानात जाण्यापूर्वी घरी एका कागदावर चार आकडे लिहावेत: रोख किंमत, एकूण व्याज, मासिक धाव आणि कामाची खात्रीची वर्षे. त्या कागदावर बसली, तर आपल्या हातची गाडी अवश्य घ्यावी आणि अभिमानाने मिरवावी. न बसली, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे. चेतकसाठी आपण वर्षानुवर्षे थांबलेलोच होतो!