जुनी चिठ्ठी कशाला हवी?

समजा, आजोबांच्या पिशवीत औषधांच्या दोन चिठ्ठ्या आहेत. एक हृदयरोगतज्ज्ञांची, दुसरी गावातल्या डॉक्टरांची. पहिलीत ॲटोरव्हास्टॅटिन आहे, दुसरीत नाही. मग ही गोळी एकाने नव्याने सुरू केली, की दुसऱ्याने बंद केली? दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून कितीही पाहा, उत्तर मिळत नाही. त्यासाठी तिसरा कागद लागतो, दोघांकडे जाण्यापूर्वीची जुनी यादी. तीत गोळी असेल तर ती गावात बंद झाली. नसेल तर तज्ज्ञांनी सुरू केली.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न रोज असतो. एकाच प्रोग्रामवर अनेक जण वेगवेगळे काम करतात. कामाच्या अशा स्वतंत्र धाग्याला ते ‘ब्रँच’, म्हणजे फांदी, म्हणतात आणि फांद्या पुन्हा एकत्र करण्याला ‘मर्ज’. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केलेले ‘गिट’ मर्ज करताना सहसा तीन प्रती पाहते: दोन नव्या, आणि त्या जिथून फुटल्या ती जुनी. एकाच बाजूने बदललेली ओळ ते मुकाट्याने घेते. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर मात्र थांबते. ॲम्लोडिपिन एकाने 5 ची 10 मिलिग्रॅम केली, दुसऱ्याने पाय सुजले म्हणून बंद केली. यात बरोबर कोण, हे गिट ठरवत नाही, माणसाला विचारते. नवशिके या अडथळ्याला घाबरतात. उगाच.

घाबरायचे ते गिट गप्प राहते तेव्हा. त्याला ओळी दिसतात, अर्थ कळत नाही. एका चिठ्ठीत वरच्या बाजूला वॉरफरिन नव्याने आले, दुसरीत अगदी खाली गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन. ओळी वेगळ्या, म्हणून मर्ज बिनतक्रार. रक्तस्रावाचा धोका मात्र वाढलेला. प्रोग्राममध्येही असेच घडू शकते. एकाने रुग्णाचे वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये नोंदवायला सुरुवात केली, दुसऱ्याने वेगळ्या फाइलमध्ये किलो गृहीत धरून डोसचे नवे गणित मांडले. मर्ज सुरळीत होते आणि डोस हजारपट निघतो.

म्हणून जबाबदार चमूत मर्जनंतर सगळ्या चाचण्या पुन्हा चालवतात आणि बदल दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतात. आजोबांच्या दोन चिठ्ठ्यांची तपासणी मात्र बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत, दोन मिनिटांत होते. आणि जुनी चिठ्ठी तेव्हा घरी, कपाटातल्या डब्यात असते.