हात जागेवरच, तरी मेंदूला वाटतं हलला!

दंडाच्या पुढच्या स्नायूच्या, म्हणजे बायसेप्सच्या, कंडरेवर सेकंदाला साधारण ८० वेळा थरथरणारं यंत्र टेकवायचं आणि डोळे मिटायचे. हात जागच्या जागी अडवलेला असतो, तरी कोपर सरळ होत चालल्याचं जाणवतं! १९७२ साली गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी हे भास सविस्तर मांडले. तोवर हातापायांच्या स्थितीची जाणीव मुख्यतः सांध्यांकडून येते, असं मानलं जाई.

खरी करामत आहे स्नायूंच्या आत दडलेल्या, चातीच्या आकाराच्या सूक्ष्म संवेदकांची. स्नायू ताणला की ते मज्जातंतूंतून भराभर संदेश धाडतात. कंपनानेही ते तसेच चेततात. मेंदू अर्थ लावतो: स्नायू लांबतोय, म्हणजे कोपर उघडतंय.

१९८८ मध्ये जेम्स लॅकनर यांनी बोटांनी नाक धरायला लावून हेच कंपन दिलं. हात दूर जातोय, बोटं तर नाकावरच; मग काहींना चक्क नाकच लांब होत असल्याचं जाणवलं. किती विलक्षण आहे हे!

पण मला त्याहून मोलाचा वाटतो टाचेमागच्या कंडरेचा प्रयोग. डोळे मिटून उभ्या माणसाला तिथे कंपन दिलं की पोटरी ताणल्याचा, म्हणजे शरीर पुढे झुकल्याचा संदेश जातो आणि सावरण्यासाठी अख्खं शरीर मागे कलतं. इथे नुसता भास नाही, हालचालीचा हुकूमच बदलतो. म्हणून पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनातही कंपनाचा अभ्यास चालू आहे.

डोळे उघडे ठेवले तर हा कल बराच कमी होतो, कारण मग मेंदूला नजरेचाही आधार मिळतो.